अब्जात किती

विहिरीच्या काठावर चार ढीग होते: काळ्या मातीचा, मुरमाचा, पक्क्या दगडाचा, आणि बाजूला चिंचेखाली दोन ट्रॉल्यांचा एक लहान. लहान ढिगाशेजारी एक घमेलं, त्यात त्रेसष्ट दगड. क्रेन एक, बंद. विहीर बेचाळीस फूट खोल. तळाला ओल होती, पाणी नव्हतं.

राणीसावरगावच्या शिवारातली ही विहीर माझ्या मामाची, राधाकिशनची. मामा-मामी दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि त्यांची मुलगी पिंकी शाळा सोडून त्यांच्याबरोबर जाते. यंदा ती दहावीला आहे. विहिरीला पाणी लागलं तर हरभरा-गहू करायचा, कुणी कुठं जायचं नाही, असं ठरलं होतं. पण शेवटच्या सुरुंगातून पितळी ठिपक्यांचा दगड निघाला. भावकीतल्या हरिओमनं त्यातला सगळ्यात चकाकणारा तुकडा शहरातल्या एका प्रयोगशाळेत दिला. त्यात पॅलेडियम हा सोन्यासारखा महाग धातू सापडला. मग तालुक्याहून एक साहेब आले. त्या सुरुंगाचा दगड त्यांनी चिंचेखाली वेगळा टाकायला लावला आणि धातूचा निकाल लागेपर्यंत खोदकाम बंद ठेवा म्हणाले.

"निघालं तर सरकारचं," मामा म्हणाला. "माझं काय हाय त्यात? मला पाणी पायजे. तू पुण्याला मोठ्या लॅबमधी हायस. न्हाई म्हणून लिहून दे, झालं."

"मोजल्याशिवाय कसं लिहू, मामा?"

"मोज की मग. कमी मोज."

माती परीक्षणाला नमुना काढतात तसंच इथंही करायचं होतं. सगळं मिसळायचं, गोल पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, आणि पिशवीभर उरेपर्यंत हेच पुन्हा. मामा फावडं ओढत होता. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की समोरच्या दगडांत एकही पितळी ठिपका नाही.

"मामी, चमकणारे दगड कुठं गेले?"

तानुमामीनं घमेल्याकडं बोट केलं. "निवडून ठिवले की. तीन दिस मी अन् पिंकी बसून हुतो. पुण्याची पाव्हणी येणार, तिला खडेकुडे कामून द्यावं?"

गहू निवडावा तसा मामीनं ढीग निवडला होता. मी तिथंच खाली बसले.

"मामी, मला चांगले नको होते. जसे पडले तसे हवे होते."

"मग टाक की परत त्याच्यात."

टाकता आले असते. पण घमेल्यातून किती दगड गेले ते कुणालाच माहीत नव्हतं.

"शाळेतल्या पोरायनी नेले," पिंकी म्हणाली. "शेजारच्या कुसुमबाईनं एक देवापुढं ठिवलाय. वर हळदकुंकू बी."

एवढ्यात हरिओम आला. "काय मॅडम, माझ्या दगडात निघालं ते खोटं हाय का?"

"खोटं नाही. पण तो तुमच्या दगडाचा आकडा आहे, विहिरीचा नाही."

"म्हंजी माझा दगुड काय आभाळातून पडला?"

मी त्याला सांगितलं की हा धातू दगडात साखरेसारखा विरघळलेला नसतो. तो बारीक कणांत बसतो, आणि कण कुठं बसेल याला नियम नाही.

"म्हंजी खिचडीतलं मिरं," पिंकी म्हणाली. "ज्याच्या दाताखाली आलं त्यो म्हणणार लय तिखट, बाकीचे म्हणणार अळणी."

"तू खा गप," मामा म्हणाला, पण हसला.

मला हसू आलं नाही. माझ्या प्रबंधात ऑस्मियम या अशाच दुर्मीळ धातूच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर एकाच दगडाच्या दोन तुकड्यांत जुळलं नव्हतं, आणि ते तुकडे दोन बोटं अंतरावरचे होते. मार्गदर्शक बाई म्हणाल्या होत्या, आणखी मोठा दगड दळ. तेव्हा मला वेळ होता.

घमेल्यातले दगड मी ढिगात परत मिसळले, पुन्हा चार-चार भाग केले आणि वीस किलोची पिशवी भरली. क्रेनवाला योगीराज म्हणाला, "ताई, मी रविवारपर्यंत थांबतो. पुढं मानवतकडचं काम हाय." प्रयोगशाळेत माझा नंबर दोन आठवड्यांनी होता. मी नंबर अलीकडं घ्यायची विनंती केली. नाही म्हणाले. क्रेन रविवारी गेली.

पुण्यात सगळी पिशवी दळून मैद्यासारखी पूड केली. तिचे पाच भाग आम्लात विरघळवून मोजले. चार भागांत पॅलेडियम अब्जात चार, तीन, चार, तीन. म्हणजे अब्ज ग्रॅम दगडात तीन-चार ग्रॅम. पाचव्या भागात सहाशे बारा. तो द्राव पुन्हा यंत्राला लावला. पुन्हा सहाशे बारा.

मामाला फोन केला. मागं ऊसतोडीच्या ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"मामा, अजून शंभर किलो पाठवता येईल? त्याच ढिगातला?"

"ढीग कुठला आता. लोकं चाळून नेऊ लागल्यात." मग त्यानं विचारलं, "आकडा बारका आला का?"

"चार बारके आले. एक मोठा."

"त्यो एक फेकून दे की."

"फेकायला कारण लागतं, मामा. तोही याच दगडाचा आहे."

तिकडं मुकादम कुणावर तरी ओरडत होता, आणि पिंकी आईला विचारत होती, पुस्तकं खालच्या पिशवीत ठेवू का वरच्या.

"क्रेनवाला येतो म्हणलाय," मामा म्हणाला. "आजच्या आज परवानगी आली तर उतरतो आमी खाली. मुकादमाला काय सांगायचं ते मी सांगतो."

मी साहेबांना फोन लावला आणि पाचही आकडे वाचून दाखवले.

"मॅडम, मला तक्ता नको," ते म्हणाले. तुसडे नव्हते. "वर एकच आकडा कळवायचा असतो. दहाच्या खाली असेल तर खोदकामाच्या परवानगीवर मी आत्ता सही करतो."

पाचवा सोडला तर साडेतीन येत होता. यंत्र तपासलं होतं, भांडी तपासली होती, पूड तपासली होती. चूक सापडली नव्हती. सकाळपासून मी ती शोधत होते.

"सांगताय ना?"

मी सांगितलं. पॅलेडियम, अब्जात भाग, पाच मोजण्या: सरासरी १२५, प्रमाण विचलन २७२.