गाजरांची ओल

ओटाकरने कोरड्या भुशाची पिशवी खोक्यात उपडी केली तशी तळघरभर धूळ उडाली. पलीकडच्या कोपऱ्यात यारमिला वाळूच्या पेटीतून रविवारच्या रश्श्यासाठी गाजरं उपसत होती. ती खोकली.

"अख्ख्या इमारतीचा घसा बसवतोस की काय?"

"बसू दे. अमाल्काची छाती तरी कोरडी राहील."

अमाल्का त्याची तांबूस ठिपक्यांची सापीण, वय एकोणीस. ऑक्टोबर लागला की ती आपणहून उंदीर नाकारायची. मग मार्चपर्यंत थंड तळघरात झोप. गेल्या हिवाळ्यात ओटाकरने तिला नारळाच्या काथ्याच्या भुग्यात ठेवलं, वर पाणी शिंपडत बसला. भुग्याला बुरशी आली, सापिणीच्या नाकातून बुडबुडे. तीन महिने इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाला होता, पुन्हा असं झालं तर ही उठायची नाही.

म्हणून यंदा ठणठणीत कोरडा भुसा आणि पाण्याची एक वाटी. चुकलेल्या माणसाला मधला रस्ता दिसत नाही. त्यातून ओटाकरने चाळीस वर्षं रेल्वेचे ब्रेक दुरुस्त केलेले; तिथे गाडी एकतर थांबते, नाहीतर थांबत नाही.

यारमिलाने मूठभर वाळू दाबून त्याच्या नाकासमोर उघडली. "बघ. पाणी गळत नाही, पण गोळा मोडत नाही. एवढी ओल हवी. वाळू सुकली की गाजरं माझ्या सासूच्या बोटांसारखी होतात."

"आईला मधे आणू नकोस. आणि साप म्हणजे गाजर नाही."

"नाहीच. गाजर चावत नाही."

"ही कधी चावली? एकोणीस वर्षांत तू तिला बोट लावलं नाहीस, आणि मला शिकवतेस!"

"लावणारही नाही. मेले तरी." तिने गाजरं ओच्यात घेतली आणि जिना चढून गेली.

जानेवारीतल्या एका रविवारी ओटाकर स्वयंपाकघरातला तराजू काखोटीला मारून तळघराकडे निघाला.

"त्यावर साप ठेवलास तर पीठ कशावर मोजू?"

"पुसून देतो."

"पुसून म्हणे! आणि येताना गाजरं आण."

खोकं त्याने सावकाश उघडलं. कोरड्या भुशात दोन महिने. कातडी सुरकुतलेली असणार, हे त्याला आतून ठाऊक होतं. कबूल करायचं नव्हतं एवढंच. पण अमाल्का गुळगुळीत होती. नाक स्वच्छ. वजनात फक्त नऊ ग्रॅमची घट. तो एकटाच मोठ्याने हसला.

"कोरडंच हवं! सांगत होतो ना!" तो तळघराला म्हणाला.

मग तिला परत ठेवताना मागच्या कोपऱ्यातलं झाडाच्या सालीचं तिचं छप्पर त्याने उचललं. खाली मुरंब्याची बरणी आडवी ठेवलेली होती, शेवाळाने भरलेली. शेवाळ हिरवंगार, याच आठवड्यातलं. त्याने चिमूटभर काढून मुठीत दाबलं. पाणी गळलं नाही. मूठ उघडली, गोळा मोडला नाही. तळव्यावर पिवळ्या वाळूचे चार कण चिकटले होते.

अमाल्का नेहमी खोक्याच्या तोंडाशीच वेटोळं घालून झोपायची. त्या कोपऱ्यापर्यंत पोचायचं तर तिच्या अंगावरून कोपरापर्यंत हात घालावा लागे. ओटाकरने स्वतःचा हात तसा घालून बघितला.

त्याने शेवाळ होतं तसं भरलं, साल वर झाकली. गाजरं घेतली आणि दोन दोन पायऱ्या चढत वर आला.

यारमिला कणीक तिंबत होती. "काय झालं?"

"नऊ ग्रॅम."

"मग, कोरडंच बरं म्हणायचं."

"हं." त्याने तराजू धुतला, पुसला, पुन्हा एकदा पुसला. "पुढच्या रविवारपासून गाजरं पहिल्यासारखी तूच आणत जा. मला जिना होत नाही."

"का? काय झालं जिन्याला?"

"गुडघा दुखतो," ओटाकर म्हणाला आणि गाजरं सोलायला बसला.