शेजारच्या सीटवरचा ब्रेक

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर एकच पाटी होती : ‘घाबरू नका. मी शेजारी बसलो आहे.’ बावीस वर्षांत त्यांनी तीन-चार हजार माणसांच्या हाती स्टिअरिंग दिलं आणि एकदाही आवाज चढवला नाही. समोरून ट्रक येवो, कुत्रं येवो, नाहीतर खुद्द परीक्षा घेणारा साहेब येवो, मास्तर एकाच पट्टीत म्हणत, “हळू. काही झालेलं नाही.” त्यांच्या शांतपणाचा सगळीकडे बोलबाला होता. शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो आणि मास्तरांचा पाय सदैव त्यावर असतो, एवढ्या खोलात कोणी जात नसे.

त्यांची बायको इस्पितळात अपघात विभागात नर्स. जग तिला सिस्टर म्हणे. रोज आठ तास ती फुटलेली डोकी आणि मोडलेली हाडं निस्तरत असे. लायसन्स तिनं अकरा वर्षांपूर्वीच काढलं होतं, तेव्हापासून ते कपाटात साड्यांखाली होतं. कारण मास्तरांचं निदान पक्कं होतं : “तू घाबरतेस.”

“कधी घाबरले हो मी?”

“बघ, लगेच चिडलीस. सुरुवात इथूनच होते.”

या वर्षी मात्र प्रश्न गळ्याशी आला. टेकडीपलीकडच्या नव्या इस्पितळात अख्ख्या अपघात विभागाची इनचार्ज म्हणून सिस्टरला बोलावणं आलं. ड्युटीच्या वेळी तिकडे बस नाही. म्हणजे एकतर रोज गाडीनं जायचं, नाहीतर तिथल्या क्वार्टरमध्ये एकटीनं राहायचं. घर सोडायचं तिच्या मनात नव्हतं. घरची गाडी तर दिवसभर दारात धूळ खात असे, मास्तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच हिंडत. फक्त चावी त्यांच्या खिशात. तिथल्या मेट्रनला उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

“रविवारी परीक्षा घेतो,” मास्तर म्हणाले. “टेकडी चढून उतरून दाखव. पास झालीस तर चावी तुझी.”

चढताना सगळं सुरळीत पार पडलं. मास्तरांना चूक सापडेना, त्यामुळे ते जरा हिरमुसले. उतरताना तिसऱ्या वळणाच्या अलीकडे सिस्टरनं ब्रेक दाबला आणि पाय लोण्यात रुतावा तसा थेट तळाशी गेला. तिनं पुन्हा दाबला. काही नाही.

“ब्रेक लागत नाहीयेत,” ती म्हणाली. रक्तदाब किती ते सांगावं तशी.

मास्तरांनी सवयीनं आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. तिथे ब्रेक नव्हता. ही घरची गाडी. तिथे रबरी चटई होती. त्यांनी ती दाबली, मग दोन्ही पायांनी दाबली, मग तिच्यावर जवळजवळ उभेच राहिले, आणि मग त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याला ओरडणं म्हणणं सौम्य झालं असतं. पुढच्या क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंगला मिठी मारली.

सिस्टरनं सलाइन उपटणाऱ्या पेशंटच्या हातावर मारतात तशी एक चापट मारली. “हात काढ!”

हात निघाले. तिनं तिसऱ्या गिअरवरून दुसरा टाकला, गाडी गुरगुरली. दुसऱ्यावरून पहिला, गाडी किंचाळली. हॅन्डब्रेक थोडा थोडा ओढत तिनं गाडी कडेच्या मातीच्या भिंतीला घासत नेली. डावा दरवाजा सोलून निघाला, आरसा गेला, आणि गाडी थांबली. खाली अजून चार वळणं होती.

“लागलं का कुठे?” सिस्टरनं विचारलं.

मास्तर म्हणाले, “मला एकेरीत बोललीस.”

“काय?”

“लग्नाच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. ‘हात काढ’ म्हणालीस. जिभेवरचा ताबा सुटला. यालाच घाबरणं म्हणतात.” त्यांनी घाम पुसला. “शिवाय दरवाजा गेला. सॉरी, नापास.”

गाडी ओढून न्यायला आलेला मेकॅनिक चाकाशी वाकला आणि तिथूनच ओरडला, “मास्तर, दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं ना, ब्रेक ऑइल गळतंय म्हणून? तुम्हीच म्हणालात, घाई काय आहे!”

सिस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर टेकडीवरची झाडं बघत होते.

सोमवारी ड्युटीवर एक नवी नर्स धावत आली. ती मास्तरांच्या सकाळच्या बॅचला होती. “सिस्टर, बऱ्या आहात ना? सरांनी आज सगळं सांगितलं. तुम्ही म्हणे डोळे गच्च मिटून घेतलेत, आणि सरांनी शांतपणे एकेक गिअर सांगून गाडी थांबवली! आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“वाजवायलाच हव्यात,” सिस्टर म्हणाली आणि तिला ड्रेसिंगचा ट्रे आणायला पाठवलं.

मग तिनं मेट्रनला फोन लावला. “येते मी. पण क्वार्टर लागेल. नाही, एकटीच.”

संध्याकाळी ती बॅग भरायला बसली तेव्हा मास्तर दारात उभे राहिले. “हे बघ, अशा वेळी घाबरून निर्णय घेऊ नये. शांत डोक्यानं विचार कर.”

“केला.”

“दरवाजा दुरुस्त होऊ दे, पुन्हा परीक्षा घेतो. महिन्याभरानं.”

ती युनिफॉर्मच्या घड्या घालत राहिली.

“आणि लोक काय म्हणतील? मी काय सांगू बॅचला? माझ्या जेवणाचं काय? अगं, ऐकतेस का तू!” मास्तरांचा आवाज शेजारच्यांच्या खिडकीपर्यंत गेला.

सिस्टरनं मान वर केली नाही. अपघात विभागात आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकाला उलट उत्तर द्यायचं नसतं. हातातलं काम चालू ठेवायचं. दमला की तो आपणच बाकावर जाऊन बसतो.

थोड्या वेळानं मास्तरही बसले.