काळी वायर

"मुंग्या आल्या," माझा नवरा तालाय हात झटकत म्हणाला. बोटीच्या पत्र्याला त्याने नुसता तळवा टेकवला होता.

"तुला वाऱ्यानेही मुंग्या येतात," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून तसाच तू."

बोट ओंडक्यांवर चढवलेली होती. धक्क्यावरून तिला वीज ओढली होती आणि आत पाणी तापवायचा हीटर चालू होता. मी धावले ती मीरिमला उचलायला. पण दीड वर्षाची माझी मुलगी बोटीपासून लांब, सासूबाईंच्या पाठीवर शालीने बांधलेली होती. आठवडाभर त्यांनी तिला जमिनीवर पाय टेकू दिला नव्हता.

"द्या ना इकडे, आपा," मी सासूबाईंना म्हणाले. "मी घेते."

"तुझ्या हातात ती रडते."

रडेलच. ती आजीला 'आई' म्हणते आणि मला नावाने हाक मारते, बेगाइम. हे आजीनेच शिकवलेलं. तळ्याकाठच्या आमच्या बालिक्ची गावात पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीत आहे. सोमवारी बोट तळ्यात उतरणार, पर्यटक येणार, आम्ही दोघं उन्हाळाभर बोटीवर राहणार आणि मीरिम सासूबाईंकडे. "थंडीत घेऊन जा," असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मी वाट बघितली होती, पण त्या ते म्हणाल्या नव्हत्या.

तालायने मेन स्विच बंद करून बाजारातून आणलेली नवी केबल उलगडली. आत तीन वायरी होत्या, काळी, निळी आणि पिवळी-हिरवी. बोटीच्या जुन्या बोर्डातही तीनच लोंबत होत्या, लाल, पांढरी आणि काळी.

"काळीला काळी," तो म्हणाला. "बाकीच्या दोन बघू."

"जोड," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या बोटीत करंट उतरेल. पाहुण्यांना चहाबरोबर झटकाही दे."

त्यांना कळत होतं. बोटींच्या कारखान्यात त्या बावीस वर्षं इलेक्ट्रिशियन होत्या आणि ही बोट तेव्हा त्याच कारखान्याची, तिचं वायरिंग त्यांच्याच हातचं होतं. माझ्या वेळी काळी वायर अर्थिंगची, म्हणजे फुटलेला करंट जमिनीत सोडणारी असायची, त्यांनी सांगितलं. आता बाजारात मिळते त्यात काळीतून करंट जातो. नव्या आणि जुन्या वायरीचा रंग सारखा दिसला म्हणून गाठ मारायची नसते. "तुझी पिवळी-हिरवी माझ्या काळीला जोडायची. पण तू हात लावू नकोस. मी करते. उद्या."

"आज का नाही?" मी विचारलं.

"कारण मी म्हणते म्हणून."

तालाय हसला. आईचं कौतुक त्याला फार. कारखाना बुडाला तेव्हा अख्ख्या गावाने तो खिळ्याखिळ्याने विकून खाल्ला, माझ्या आईने एक स्क्रूसुद्धा घरी आणला नाही, हे तो कुणालाही सांगतो. त्या लुटीत हात असलेल्या शेजारच्या घराशी त्याने बोलणं सोडलंय. सासूबाईही रोज सकाळी चहाबरोबर त्या चोरांचा उद्धार करतात. तालाय स्क्रू आणायला बाजारात गेला आणि मी बोटीत चढले.

"कुठे निघाली ही?" खालून आवाज आला. "कॉलेजात हिशेब शिकलीस, वायरिंग नव्हे."

माझ्याकडे एक बॅटरी, टॉर्चचा बल्ब आणि लांब वायर होती. वायरीचं एक टोक बोर्डाजवळ, दुसरं हीटरजवळ, मध्ये बॅटरी आणि बल्ब. एवढं शाळेतलंच आठवत होतं. लाल वायरीवर बल्ब लागला, पांढरीवरही लागला. काळीवर लागला नाही. पुन्हा करून बघितलं. नाहीच.

मी बोर्डामागची लाकडी फळी उचकटली. काळी वायर बोर्डातून वीतभर खाली आली होती आणि तिथेच संपली होती. हीटरकडेही तसंच, वीतभर तुकडा, मग काही नाही. दोन्ही टोकांना कापडी टेप गुंडाळलेली होती, डावीकडून उजवीकडे, शेवटचा पदर पिळून आत खोचलेला. आमच्या घरातल्या किटलीच्या कानाला अशीच टेप आहे. माझ्या छत्रीलाही आहे. मी माहेरून आणलेल्या पाळण्याच्या दांडीलासुद्धा मला न विचारता अशीच गुंडाळलेली आहे.

मी तो तुकडा उपटला आणि खाली उतरले.

"आपा, ही कोणी कापली?"

त्यांनी वायरीकडे बघितलं, मग तळ्याकडे. "चोरांनी. तेव्हा काय शिल्लक ठेवलं मेल्यांनी?"

"चोर टेप गुंडाळून जातात?"

वारा सुटला होता. मीरिम त्यांच्या पाठीवर झोपली होती, तिचं गाल दाबलेलं तोंड मला दिसत होतं. सासूबाईंनी उभ्या उभ्याच शालीची गाठ घट्ट केली.

"कारखाना बंद पडला," त्या म्हणाल्या. "तालाय तीन वर्षांचा. दोन हिवाळे गेले. तांब्याच्या बदल्यात पीठ मिळायचं." माझ्या हातातल्या तुकड्याकडे त्यांनी मान वळवली. "लाल कापली असती तर बोट मेली असती. पांढरी कापली असती तरीही. काळी नसली तरी दिवा लागतो. कुणाला कळत नाही."

"आणि हे माहीत असून तुम्ही हीटर लावू दिलात? पोरगी इथे असताना?"

"पोरगीला पाठीवरून उतरवलं का मी? एकदा तरी?"

मला आठवडाभराचा राग आठवला आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. पण गेला नाही तो.

"तालायला मुंग्या आल्या ना. त्याला काही झालं असतं तर?"

"म्हणून तर उद्या म्हटलं. तुम्ही दोघं घरी असताना नवी ओढून टाकली असती मी." त्या माझ्या जवळ आल्या. "सांगणार त्याला?"

"मीरिम माझ्याजवळ राहील," मी म्हणाले. "उन्हाळ्यात बोटीवर आणि नंतरही."

"पहिलं नातवंड आजीचं असतं. माझी थोरली माझ्या सासूने नेली. मी तोंड उघडलं नव्हतं."

"मी उघडलंय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. असती तर कदाचित मी मागे सरले असते.

"हिशेब चांगला शिकवला तुला," त्या म्हणाल्या. त्यांनी शाल सोडली आणि मीरिमला माझ्या हातात दिलं. झोपलेलं पोर जड लागतं. "आता सरक. केबल आण इकडे. आणि त्या पोरीला घेऊन लांब उभी राहा. आणखी लांब."

बासष्ट वर्षांची बाई गुडघ्यांवर बोर्डाखाली शिरली. दर हालचालीला त्या कुणाला तरी शिव्या देत होत्या, बहुतेक मला. काळी-निळी त्यांनी जुन्या लाल-पांढरीला जोडली. पिवळी-हिरवी वायर हीटरपासून बोर्डापर्यंत ओढली, तिथून धक्क्याच्या अर्थिंगपर्यंत. एक फाटा बोटीच्या पत्र्याकडे नेला. तिथला रंग चाकूने खरवडला, धातू चकाकेपर्यंत, आणि बोल्ट आवळला. मग बाहेर आल्या आणि बूट काढले. मोजेही काढले. ओल्या वाळूत अनवाणी उभ्या राहून त्यांनी उजवा तळवा बोटीवर टेकवला.

"लाव स्विच."

"आधी टेस्टरने बघते, आपा."

"लाव म्हटलं. मला शॉक द्यायचं इतके दिवस मनात होतंच की तुझ्या."

टेस्टर माझ्या खिशात होता. तो काढायला हात मोकळा नव्हता. मीरिमला डाव्या कडेवर घेऊन मी धक्क्यावरच्या पेटीपाशी गेले आणि स्विच वर केला. हीटरचा लाल दिवा लागला. सासूबाईंचा हात हलला नाही. त्यांनी दुसराही तळवा टेकवला आणि तशाच उभ्या राहिल्या, तपासायला हवा होता त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

तेवढ्यात तालाय आला. "झालं? कुठली काळी खरी निघाली मग?"

"आपांची," मी म्हणाले. "पण जुनी होती. त्यांनी नवी टाकली."

"बघ, माझी आई," तो म्हणाला, मला की वाऱ्याला कोण जाणे.

आवाजाने मीरिम जागी झाली. तिने इकडे तिकडे बघितलं, आजी दिसल्यावर दोन्ही हात पुढे केले आणि 'आई, आई' करत माझ्या कडेवरून तिच्याकडे झेपावली. सासूबाईंनी बोटीवरचे हात काढले. तळवे ग्रीस आणि गंजाने माखले होते. ते त्यांनी पाठीमागे नेले.

"माझे हात मळलेत," त्या मीरिमला म्हणाल्या. "आईकडेच राहा."

आणि बूट न घालताच, ते तिथेच वाळूत ठेवून, त्या हात धुवायला तळ्याकडे गेल्या.