रद्द करावयाच्या अवजाराचे टिपण

लातूरच्या एका मंगल कार्यालयात मी, लिंबाजी, बावीस वर्षे व्यवस्थापक आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु ग्रंथवाचनाचा व्यासंग मी सोडलेला नाही. माझी पुतणी विशाखा नांदेडला संगणकाच्या एका लहानशा कंपनीत नोकरीस आहे. तिच्या शब्दाखातर आमचे मालक वीरण्णा यांनी गेल्या महिन्यात कार्यालयाचा फोन एका बोलक्या यंत्राच्या स्वाधीन केला.

या यंत्राच्या हाताशी अवजारे असतात. एकाने तारखेची नोंद होते, दुसऱ्याने ती रद्द होते. कोणते अवजार केव्हा चालवावे हे टिपण लिहून सांगावे लागते, आणि जसे लिहावे तसेच ते वागते. रद्द करावयाच्या अवजाराचे टिपण विशाखाने माझ्यावर सोपविले.

"काका, गिऱ्हाइकं तुम्हाला ठाऊक हाईत, तुम्हीच लिहा. नव्या माणसाला सांगताव तसं. साधं."

मी तीन रविवार खर्ची घालून चार पाने लिहिली. त्यांतील मुख्य वाक्य असे होते: 'ग्राहकाच्या मुखातून रद्द हा शब्द बाहेर पडताच, त्याच्या इच्छेचा यथोचित सन्मान राखून, क्षणाचाही विलंब न करता नोंद रद्द करावी व ती तारीख प्रतीक्षेतील पुढील ग्राहकास सविनय अर्पण करावी.'

"काका, हे यंत्राला लिहिलंय का राष्ट्रपतीला?" विशाखा हसली. तरी तिने ते तसेच यंत्रात घातले.

शिरूर अनंतपाळचे शिवप्पा यांच्या सुकन्येचे, म्हणजे नावानेही सुकन्याच, लग्न आमच्याकडे ठरले होते. मुलगी स्वतः येऊन पायऱ्या मोजून गेली होती, कारण तिच्या आईचे गुडघे दुखतात. गुरुवारी सकाळी शिवप्पांनी फोन केला व व्यासपीठाची फुले त्याच रकमेत मागितली. यंत्राने नम्रपणे नकार दिला.

"मग रद्द करा!" शिवप्पा गरजले आणि वाट पाहू लागले.

"आपली नोंद रद्द केली आहे. आपल्या इच्छेचा आम्ही सन्मान करतो."

तासाभरात ते मोटारसायकलवरून कार्यालयात हजर झाले.

"लिंबाजी, माझ्या पोरीची तारीख कुठं हाय?"

"अप्पा, आपणच रद्द म्हणालात."

"म्हणलो की! म्हणायचंच असतंय! बावीस वर्सं तुम्ही काय ऐकून राहिले? तुम्ही हाक मारायची का न्हाई?"

आमच्याकडे सौदा एकदा मोडल्याशिवाय जुळत नाही. गिऱ्हाईक उठते, चपला घालते, फाटकापर्यंत जाते; मागून हाक आली की परत येऊन बसते. कार्यालय ठरविण्याच्या दिवशी हेच शिवप्पा दोनदा फाटकापर्यंत गेले होते, आणि दोन्ही वेळा हाक मीच मारली होती. चार पानांत मला त्या फाटकाची आठवण झाली नव्हती.

"पाचशे पत्रिका वाटून झाल्या," शिवप्पा खाली बसत म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. वीरण्णांनी मागविलेल्या चहाकडे त्यांनी पाहिलेही नाही.

मी नांदेडला फोन लावला.

"काका, तारीख कंधारच्या वैजनाथरावांना गेली," विशाखा म्हणाली. "त्यांनी हाव म्हणलंय, तारीख पक्की केलीय. दिलेली तारीख आपल्याला काढून घेता येत न्हाई."

प्रतीक्षेच्या यादीत शिवप्पांचे नाव तरी घाल, एवढेच मी म्हणू शकलो. शिवप्पांसमोर मान वर करण्याचे धैर्य मला होत नव्हते.

चहावर साय धरली तेव्हा विशाखाचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हते.

"काका, वैजनाथरावांनी आत्ताच यंत्राला फोन केलता. म्हणले, दोन खोल्या जास्तीच्या द्या, न्हाईतर रद्द! तुमच्या टिपणानं त्यांचाबी सन्मान केला!"

तिचे बोलणे संपते न संपते तोच शिवप्पांच्या खिशात फोन वाजला. यंत्रच होते. "आपणांस हवी असलेली तारीख उपलब्ध आहे. घ्यावयाची आहे काय?"

शिवप्पांचा चेहरा उजळला. ते सावरून बसले, खाकरले आणि म्हणाले, "ते फुलांचं..."

वीरण्णा खुर्चीतून उठले. मी शिवप्पांचा हात धरला. "अप्पा, हाव म्हणा! आधी हाव म्हणा!"

"हाव," शिवप्पा म्हणाले. फोन खिशात गेल्यावर त्यांनी वीरण्णांकडे वळून विचारले, "अण्णा, फुलं?"

"घ्या बाबा फुलं," वीरण्णा म्हणाले.

वैजनाथरावांना मी स्वतः फोन करून हाक मारली. त्यांच्याकडे साखरपुडा होता. दोन खोल्यांसह दुसरा दिवस त्यांना चालला.

त्याच दुपारी मी नवे टिपण पाठविले. 'गिऱ्हाईक रद्द म्हणाले तर लगेच रद्द करू नये. "बसा की पाव्हणं, एवढी काय घाई?" असे म्हणावे. एक दिवस थांबून पुन्हा विचारावे. तेव्हाही रद्द म्हणाले, तरच रद्द करावे.'

"एवढंच?" विशाखाने विचारले. "अन् ती चार पानं?"

"ती रद्द कर," मी म्हणालो.

पलीकडे विशाखा खाकरली.

"बसा की काका, एवढी काय घाई?"

खरे सांगावयाचे तर, मी याच हाकेची वाट पाहत होतो.