दुखवट्याला आलेला साहेब

माझा इनायत कंपनीच्या कामाला कतारच्या पार उत्तर टोकाला, रुवैसला गेला आणि तिथे लाँच उलटून बुडाला. तिथल्या कोळ्यांनी त्याच दिवशी त्याला माती दिली. बरोबरच केलं, मय्यत थांबवू नये. पण दोह्यातून आमची गाडी वाळूत रुतत रुतत पोचली तेव्हा कबर बुजलेली होती. पोटच्या पोराचं तोंड मला बघायला मिळालं नाही.

तीन दिवस घरात चूल नाही. शेजारणी डबे आणायच्या आणि प्रत्येक डब्याबरोबर "सबर कर, सबर कर". मी माझ्या जावेला, रुकैयाला म्हटलं, "सबर काय मासळीबाजारात मिळते? एवढी आणतात तर शेरभर ठेवून तरी जावं."

तिसऱ्या दिवशी दोनल साहेब आला. आयर्लंडचा माणूस. नोकरी तेल कंपनीच्या ऑफिसात, पण जीव सगळा कवितांत नि नाटकांत. इनायत त्याचा टायपिस्ट. त्याचं बोलणं इनायत घरी आणायचा. "आई, साहेब म्हणतो, या वाळूत काही उगवत नाही, फक्त साहेब उगवतात." मी म्हणायचे, "विचार त्याला, पाणी कोण घालतं?" असे आम्ही वर्षभर भांडलो, एकमेकांना न बघता.

साहेब पुरुषांत बसला. मी दाराच्या पडद्याआड, फटीतून बघत. तो इंग्रजीत बोलू लागला आणि इनायतचा दोस्त नसरुद्दीन मला सांगू लागला.

"चाची, साहेब म्हणतो, अल्ला त्याला जन्नत देवो."

साहेबाने कमरेवर हात ठेवून मान उडवली.

"म्हणतो, फार नेक मुलगा होता."

साहेबाने कालथा धरल्यासारखा हात हवेत फिरवला.

"नसरुद्दीन," मी म्हटलं, "जन्नतीत कालथा कशाला लागतो? तो बोलतो तेच सांग. वर साखर पेरू नकोस."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "चाची, तो गमती सांगतोय. मी म्हटलं, मयताच्या घरी आमच्यात असं चालत नाही. तर म्हणतो, आमच्या गावी मेलेल्याच्या गमती सांगून आधी हसून घेतात. रडणं काय कुठे पळून जातं?"

माझे दीर उस्मान उठले. "खलास! बाहेर काढा याला."

"बसा भावोजी." मी पडदा बाजूला केला. "पोरगा माझा गेलाय. बोलू दे त्याला."

मग नसरुद्दीनने खरं सांगितलं. साहेबाच्या नाटकात एक तिखट जिभेची म्हातारी होती. कंपनीच्या कॅम्पात बाई कुठली मिळणार? इनायतने डोक्यावर चादर घेतली आणि उभा राहिला. पण कागदावरची म्हातारी त्याने केलीच नाही. त्याने मला केलं.

साहेबाने डोक्यावर रुमाल घेतला आणि दाखवलं. टोचून बोलण्याआधी मी नाक ओढते, डावी भुवई चढवते, ते मलाच माहीत नव्हतं. माझ्या पोराने एवढं बघून ठेवलं होतं. साहेबाच्या त्या तांबड्या, दाढीवाल्या तोंडात मला इनायत दिसला. हसू दाबायला खालचा ओठ चावणारा.

"पुन्हा कर," मी म्हटलं.

त्याने पुन्हा केलं. भावोजी जमिनीकडे बघत राहिले. म्हातारी पोराला जेवायला हाक मारते, तिथवर साहेब आला. हाक मारायला तोंड उघडलं आणि डोक्यावरचा रुमाल ओढून त्याने तोंडावर धरला.

मग पुढचं मीच बोलले. "हात धू, इनायत. किती वाट बघायची तुझी? जेवण निवलं सगळं."

नसरुद्दीनने ते साहेबाला सांगितलं नाही. साहेबानेही विचारलं नाही.