केरबाच्या छातीतला दाब

दिवाळी झाली, साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि केरबा चौगुल्याची छाती बॉयलरचा दाब सांगू लागली.

छाती काही तोंडानं बोलत नव्हती, गैरसमज नको. केरबाच्या काळजाजवळच्या शिरेत डॉक्टरांनी मुगाच्या डाळीएवढी एक चकती बसवली होती. तिला ना वायर, ना सेल. एरवी गप पडून असायची. डॉक्टरांनी आकडा वाचायचं कडं छातीपाशी धरलं, की तेवढ्यापुरती जागी होऊन आतला दाब सांगायची. तशीच दुसरी चकती कारखान्याच्या बॉयलरमध्ये होती, कारण तिथल्या धगीत वायर टिकत नाही. आणि केरबा त्याच बॉयलरवर कामाला.

त्या दिवशी डॉक्टर शहापुरे यांनी कडं धरलं, आकडा पाहिला आणि म्हणाले, "पंचेचाळीस किलो."

"म्हंजे कसं, डॉक्टर?"

"बॉयलरला उत्तम. मीठ मात्र बंद करा."

"मी, का त्यानं?"

"दोघांनाही चालत नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

केरबा कारखान्यावर पोचला, तर बॉयलरच्या पडद्यावर माणसाच्या काळजाचा आकडा. चीफ इंजिनिअर पाटणकरसाहेब बशीतून चहा पीत बसलेले. म्हणाले, "तात्या, जिना चढून आलात वाटतं. आकडा वर गेला बघा." आणि उरलेला चहा संपवला. साखर पडत होती ना, मग साहेबांची तक्रार नव्हती.

पुढं ते अंगवळणीच पडलं. केरबा दुपारी जरा आडवा झाला, की वाफ पडायची आणि उसाच्या ट्रॉल्या फाटकाबाहेर खोळंबायच्या. मग साहेब त्याच्या घरी फोन लावायचे, "वहिनी, जरा भांडा."

केरबाची बायको हौसाबाई पिठाच्या हातानं फोन कानाला लावून म्हणायची, "आज कशावरनं भांडू? आज त्यांनी काय बी केलं न्हाई."

"मग कालचं काढा."

ती कालचं काढायची. वाफ यायची. उलट बाजूनंही तसंच. भट्टीत उसाच्या चिपाडांचा ओला भुसा पडला, की इकडे केरबाला ढास लागायची. कोरडा पडला, की गाल लाल व्हायचे आणि शेजारीपाजारी म्हणायचे, तात्यांना कारखाना मानवला. केरबाला एकच कोडं सुटेना. नुसते आकडे इकडचे तिकडे झालेत, की आतलं सामानच?

अशात ऊस संपत आला. शिवारं मोकळी झाली आणि हंगाम बंद करायचं ठरलं. केरबा पाटणकरसाहेबांपुढं उभा राहिला.

"साहेब, भट्टी विझवली की माझं काय?"

"ते मेडिकल झालं, तात्या. डॉक्टरांना विचारा."

डॉक्टर म्हणाले, "ते कारखान्याचं आहे. माझ्याकडे बॉयलरचा आकडा येतो. शून्य आला तर मी शून्य लिहिणार."

हौसाबाईनं हे ऐकलं आणि ती रानोरान फिरली. कुणाच्या बांधाला चुकून राहिलेला, कुणी बैलाला ठेवलेला, असा ऊस तोडून तिनं मोळी बांधली आणि डोक्यावरून कारखान्यात आणली. मिलनं ती एका घासात चघळली आणि पुन्हा तोंड उघडून उभी राहिली.

"संपलं का, वहिनी?" साहेबांनी विचारलं.

"संपलं."

भट्टी विझली. केरबाचे आधी पाय गार पडले, मग गुडघे. हौसाबाईनं त्याला घोंगडीत गुंडाळून बॉयलरशेजारी खुर्चीवर बसवलं. लोखंडाची ऊब अजून थोडी होती.

बॉयलर पुरता निवल्यावर सरकारी इन्स्पेक्टर आले. कपाळाला दिवा, हातात लहानशी हातोडी. आत शिरून ठोकून बघितल्याशिवाय पुढच्या हंगामाची परवानगी मिळत नाही. माणूस जेमतेम मावेल एवढं झाकण उघडलं आणि इन्स्पेक्टर रांगत आत गेले.

टक. टक. प्रत्येक ठोका केरबाच्या बरगडीवर पडत होता. मग ठोके थांबले. इन्स्पेक्टर उलटे सरकत बाहेर आले. त्यांचे गुडघे राखेनं भरले होते.

"आत चूल पेटलेली आहे," ते म्हणाले.

"भट्टी तर आम्ही कधीच विझवली," पाटणकरसाहेब म्हणाले.

"भट्टी नाही. चूल. तीन दगडांची, एवढीशी. ती विझल्याशिवाय मी सही करणार नाही. बादली आणा."

पाण्यानं भरलेली बादली आली. नको म्हणायला केरबानं तोंड उघडलं. पण चकतीसारखंच त्यालाही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आतून काही निघेना.

हौसाबाईनं इन्स्पेक्टरच्या हातातली बादली काढून घेतली. "सरका. चूल माझी हाय. मी बघते."

"बाई, आत जायला परवानगी लागते."

"आपल्या घरात जायला?"

तिनं चपला काढून एका बाजूला ठेवल्या, पदर खोचला, वाकली आणि बादलीसकट आत शिरली.

केरबाच्या छातीत कुणीतरी वाकून आलं. भरली बादली तशीच खाली टेकवल्याचा आवाज झाला. मग झाकण आतून लागलं.