म्हाताऱ्यासाठी रडणार कोण

खोटं कशाला बोलू? मी अश्वजीतवर जळत होते. अगदी रोज पोटात दुखायचं माझ्या, ऑफिसात फाइल उघडली तरी.

सहा वर्षं दर रविवारी चार वाजता मदन महल भागातल्या आमच्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर खेळ चालायचा. खेळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण माझ्या रेल्वेच्या ऑफिसात सगळ्यांना वाटतं मी रमी खेळते. एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीचे गोष्टीतली एकेक माणसं होतात. समोर वाघ आला, काय करता? पळा, लढा, नाही तर त्याला गाणं म्हणून दाखवा, तुमची मर्जी. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्या टेबलाची मास्टर मी; मैत्रेयी, अमेय आणि अश्वजीत खेळणारे. राज्य मीच रचलेलं, कुंडमच्या जंगलावरून उचललेलं, सात वह्या भरून.

छापील पुस्तकांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अख्खी गोष्ट आयती लिहिलेल्या तयार मोहिमा विकत मिळतात, मी पण दोन-तीन घेऊन पाहिल्या. राजाच्या आजोबाची वंशावळ चार पानं, आणि दारावरच्या पहारेकऱ्याला काय पाहिजे ते एका ओळीत पण नाही. अरे बाबा, खेळणारे राजाच्या आजोबाला भेटत नाहीत, पहारेकऱ्याला भेटतात! मास्टरला तेवढंच तर लागतं, की कोणाला काय हवंय आणि मध्ये कोणी आलं नाही तर पुढे काय होईल. ते सोडून बाकी सगळं छापतात.

आणि दिवाळीनंतर अश्वजीत असंच एक पुस्तक घेऊन आला. अडीचशे पानं, जाड पुठ्ठा, आत रंगीत नकाशा. "दीदी, चार-पाच रविवार मी माझ्या घरी चालवतो. तुम्ही जरा आराम करा."

आराम! मी काय म्हातारी झाले होते? पण तोंडावर हसून म्हटलं, "चलो, अच्छा है." त्या दिवसापासून रविवारी चार वाजता त्या टेबलाशी मी एकटी बसून मटार सोलायची.

पाचव्या रविवारनंतर मैत्रेयीचा फोन आला. "दीदी, भारी बोर होऊन राहिलं हो. तो नुसता वाचतो. काही विचारलं की पानं उलटतो. अजून दोन रविवार थांबा, मग आम्ही परत तुमच्याकडेच."

असं बरं वाटलं मला! जेवताना दोन पोळ्या जास्त गेल्या.

आता गप्प बसायचं की नाही? दोनच तर रविवार. माझं टेबल आपल्या पायानं चालत माझ्याकडे येत होतं. पण तेवढा दम माझ्यात कुठला. अश्वजीतनं सहज फोन केला, "दीदी, तुम्ही पण या ना, आमच्यात धनुर्धारी कोणीच नाही," आणि मी निघाले. मला त्याला फसताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

घमापुरात त्याचं घर, खाली बाजार, वर दोन खोल्या. त्याची आई मालनबाई पोहे देऊन आत गेली. हा खेळ तिच्या डोक्यावरून जातो. अश्वजीत इंग्रजीतून वाचायचा, मग अडखळत त्याचं आमच्या बोलीत करायचा. मिठाचं बेट. बेटावर दीपस्तंभ. दीपस्तंभाचा म्हातारा रखवालदार. म्हाताऱ्याला नाव होतं, बोटांत तीन अंगठ्या होत्या, खोकला पण होता. मी लगेच ओळखलं. पुस्तक ज्याचे एवढे लाड करतं, तोच त्याचा खिळा. पुढचं सगळं त्यालाच टांगलेलं. हाच म्हातारा कधीतरी गुपित सांगणार आणि मगच गोष्ट हलणार.

"मी बाण मारते," मी म्हटलं.

"कोणाला?"

"म्हाताऱ्याला. मला तो हेर वाटतो."

अमेयनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "काहून, दीदी? बिचारा आपल्याला चहा पाजून राहिला ना!"

मी फासा टाकला. सहा महिन्यांत मला एकदाही वीस पडला नव्हता, त्या दिवशी पडला. म्हातारा जागेवरच गेला.

अश्वजीतनं पान उलटलं. मग मागचं, मग एकदम शेवटचं. त्याचे कान लाल झाले. मैत्रेयीनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. काय सांगू, प्रमोशनला पण मला एवढा आनंद झाला नव्हता. मी गोड आवाजात विचारलं, "काय रे, पुस्तकात नाही का?"

"नाही, दीदी."

त्यानं पुस्तक मिटलं आणि खाली फरशीवर ठेवलं. घोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "म्हातारा मेला. आता ह्या बेटावर त्याच्यासाठी रडणार कोण?"

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. हे वाक्य माझं होतं. पाच वर्षांपूर्वी त्यानं पहिल्यांदा एक छोटा खेळ चालवायला घेतला आणि अर्ध्यात अडकला, तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात मीच त्याला सांगितलं होतं, अडकलास की विचार, आता रडणार कोण. मी विसरून गेले होते. तो विसरला नव्हता.

"त्याची लेक," तोच पुढे म्हणाला. "वर दिव्यात तेल भरायला निघाली होती. ती जिना उतरून येते. बाण उपसते, पीस बघते. राखीदीदी, निळं पीस फक्त तुमच्या बाणाला आहे. ती तुम्हाला काहीच म्हणत नाही. फक्त विचारते, आज दिवा कोण लावणार? जहाज येऊन राहिलं."

अमेयनं मोबाइल खिशात टाकला. तो लेकीशी खोटं बोलायला गेला, फासा फसला, पकडला गेला. मैत्रेयी खुर्चीच्या टोकावर आली. अश्वजीत मध्येच गप्प राहायचा, आणि आम्हीच न राहवून बोलायचो. मी असल्या वेळी बडबड करत सुटते. हे गप्प राहणं त्याला मी शिकवलं नव्हतं, तेच जास्त झोंबलं.

मालनबाई चहा घेऊन आली ती ट्रे मांडीवर घेऊन तिथेच बसली. "अगं बाई, त्या पोरीला कोणी पाणी तरी द्या," ती म्हणाली. माझ्या घरी सहा वर्षांत असं कोणी येऊन बसलं नाही. माझा नवरा तर टीव्हीचा आवाज वाढवतो.

"जहाज खडकाजवळ आलं," अश्वजीत शेवटी म्हणाला, "आणि तेल सांडलेलं आहे. पुढच्या रविवारी."

सगळे ओरडले. मी पण.

जिना उतरताना मैत्रेयीनं माझा हात धरला. "दीदी, तुमच्याकडचं जरा पुढे ढकलू या ना? हे होऊ द्या."

"चालेल की," मी म्हटलं. स्वतःच्या पायावर धोंडा कसा मारून घ्यायचा ते कोणी माझ्याकडून शिकावं. त्या पुस्तकानं त्याला बांधून ठेवलं होतं, आणि मीच जाऊन त्याला सोडवून आले.

आठवडाभर मी रद्दी कागदांच्या पाठीवर जहाजाचं पुढे काय ते लिहून पाहिलं. सहा शेवट रचले, एक पण पटला नाही. माझ्या टेबलावर पुढचं फक्त मला माहीत असायचं. न माहीत असणं इतकं छळतं, हे माझ्या खेळणाऱ्यांनी मला कधी सांगितलंच नाही.

रविवारी मी साडेतीनलाच त्याच्या दारात. अश्वजीत टॉवेलनं केस पुसत होता, मला बघून घाबरला. "दीदी, त्या दिवशी चुकलं का काही? पुस्तक सोडून भलतंच बोलत गेलो मी. तुम्ही म्हणाल तर हे बंद करतो, आजपासून परत तुमच्याकडेच बसू."

मनापासून म्हणत होता, मेला. मी नुसतं हो म्हणायचं, की टेबल परत माझं. हो अगदी ओठावर आलं होतं.

"मुकाट्यानं बस," मी चपला काढत म्हटलं, "आणि सांग, ती लेक माझ्यावर ओरडली काहून नाही?"